मोलोको गेलं!

मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' ही इंग्रजी कादंबरी ६० रुपयांना मिळाली. आधीच्या मालकाने समासात पेन्सिलीने अर्थ लिहिले होते: द्रूग म्हणजे मित्र, मोलोको म्हणजे दूध. विसाव्या पानानंतर पेन्सिल गायब. वैतागून विकली असणार बिचाऱ्याने.

मी कॉलेजात दोन वर्षं रशियन शिकले आणि पार विसरलेही. पण अँथनी बर्जेसने १९६२ साली या कादंबरीचा नायक अ‍ॅलेक्स आणि त्याच्या गुंड टोळीच्या तोंडी घातलेली ही बोली वाचताना वर्गातला फळा डोळ्यांपुढे आला. बोलीचं नाव 'नॅडसॅट', म्हणजे रशियनमधल्या अकरा ते एकोणीस या आकड्यांची शेपटी. आपल्या अकरा-बारा-तेरातला 'रा' उचलून पोरांच्या भाषेला चिकटवावा, तसं.

सगळ्यात जबरी शब्द 'हॉररशो'. मूळ रशियन 'खराशो', म्हणजे छान. अ‍ॅलेक्स कुणालातरी लाथा घालतो तेही हॉररशो! त्याला मस्त म्हणायचंय, आपल्या कानावर मात्र भयंकरच पडतं. डोक्याला रशियन 'गलवा'वरून 'गलिव्हर' हे मला ओढूनताणून वाटलं. आणि 'विडी' म्हणजे पाहणं हे कळूनही दरवेळी विड्यांचं बंडलच दिसायचं, त्याला मी काय करू.

चाळिसाव्या पानाच्या आसपास मी अर्थ शोधणं सोडलं. गरजच उरली नाही. परवा गॅसवर दूध उतू गेलं आणि मी ओरडले, "अगं आई, मोलोको गेलं!"

आई देवघरातून धावत आली. "कोण गेलं? कधी?"