बाबांच्या पोटातला फुगा

प्रोस्टेटसाठी सोनोग्राफीला गेलो आणि सापडलं भलतंच. पोटातली महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, एका जागी फुगलीय, ४.६ सेंटिमीटर. एरवी ती साधारण २ असते. दुखणं नाही, खुपणं नाही; बाबा तर कालच गव्हाचं पोतं उचलून चक्कीवर गेलेले!

डॉक्टर म्हणाले, ५.५ झाली की ऑपरेशन. हल्ली बऱ्याच जणांना जांघेतून नळी घालून आत स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे कापड लावलेलं जाळीचं अस्तर, बसवतात, पोट उघडावं लागत नाही. तोवर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. आणि बिडी आजपासून बंद. आइनस्टाइन १९५५ मध्ये हीच धमनी फुटून गेले, हे मी उगाच बोलून गेलो.

रिक्षात बाबांनी खिशातलं बंडल मुकाट्यानं माझ्या हातात दिलं. काडेपेटी मात्र ठेवून घेतली. "देवाला दिवा लावायला लागते," म्हणे.