तुम्ही विचारलंत म्हणून: विज्ञानकथा का सोडल्या

लग्नात, भाजीवाल्यासमोर, परवा तर डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असताना, "मॅडम, हल्ली विज्ञानकथा नाही लिहीत?" आणि उत्तरही स्वतःच देतात, वेळ मिळत नसेल, किंवा आता काय एआयच लिहितं. नाही हो. बँकेतून रिटायर झालेय, वेळच वेळ आहे.

माझी ती मंगळाची गोष्ट. मुलगा मंगळावर, आई सदाशिव पेठेत. ग्रह कुठे आहेत त्यावर तिथून रेडिओ संदेश यायला साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात, मी १४ धरलेली, म्हणजे "जेवलास का" विचारलं की उत्तर २८ मिनिटांनी, तोवर आई कुकर लावते, शिट्ट्या मोजते, परत येऊन बसते. गोष्ट खरं तर तेवढीच. दिवाळी अंकवाल्यांचा फोन आला, दोन पानं जास्त होतायत, ती कुकरची भानगड काढू का? काढा म्हटलं. (सगळ्यांना सांगताना मात्र "त्यांनी कापली". विचारलं होतं त्यांनी. मला अंकात नाव हवं होतं.)

मग २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, एका शाळेत पाहुणी. भाषणात नेहमीचा किस्सा सांगितला, नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, अक्षर ओळखू नये म्हणून बायकोकडून लिहून घेऊन, आणि कथा पहिली आली. टाळ्या. नंतर नववीतली एक मुलगी उठली, हातात वही, मागच्या पानावर पेन्सिलीने भागाकार, २५ कोटी किलोमीटर भागिले रेडिओ संदेशाचा वेग, सेकंदाला ३ लाख, अंतर मीच दिलं होतं ना कथेत. "मॅडम, आई बोलल्यावर तो लगेच कसा बोलला?"

मला तिथल्या तिथे कळलं, कुकरबरोबर मधली २८ मिनिटंही गेली होती. आणि मी माईकवरून काय म्हणाले, "अगं, गोष्ट आहे ती, गणिताचा पेपर नाही!" हॉल हसला, सरसुद्धा. ती खाली बसली आणि खोडरबर काढून तो भागाकार खोडायला लागली. बरोबर होता हो तो.

एवढ्यावरून कोणी लिहिणं सोडतं का? तेव्हाची मी म्हणाली असती, नाटकं आहेत. असतीलही, मानधनाची रडगाणी होतीच, कंटाळाही आला होता. ती दोन पानं अजून फाईलमध्ये आहेत, मधूनच काढते. कुकरच्या तीनच शिट्ट्या लिहिल्यात मी, म्हणजे फार तर पंधरा मिनिटं. उरलेल्या वेळात ती बाई काय करते ते लिहिलेलंच नाहीये.