काटा थांबायलाच तयार नव्हता

डायव्हिंगचे रेग्युलेटर, म्हणजे टँकमधल्या हवेचं प्रेशर कमी करून ती तोंडापर्यंत आणणारी उपकरणं, तपासणं आणि त्यांची सर्व्हिसिंग करणं हे माझं रोजचं काम, पण त्या दिवसाची केस अजून डोक्यातून जात नाही. एक डायव्हर आला, दुसऱ्या दिवशी पाण्याखालच्या गुहेत उतरणार होता, दोन कोरे करकरीत महागडे रेग्युलेटर टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "नवीनच आहेत, एकाला फक्त लांब होज (हवेची नळी) लावून द्या." लांब म्हणजे दोन मीटरच्या जरा वर, कारण अरुंद जागेतून बडीला, म्हणजे सोबतच्या डायव्हरला, हवा देत एकामागे एक बाहेर यायचं झालं तर छोटी होज पुरत नाही.

होज लावली आणि सवयीने इंटरमीडिएट प्रेशरचं, म्हणजे रेग्युलेटरच्या दोन टप्प्यांमधलं प्रेशर दाखवणारं, गेज जोडलं. टँकमधलं 200 बारचं प्रेशर फर्स्ट स्टेज, म्हणजे टँकवर बसणारा भाग, साधारण 9-10 बारपर्यंत खाली आणते, मग ती हवा तोंडातल्या सेकंड स्टेजकडे जाते. दोन्ही साडेनऊवर. तो म्हणाला, "झालं ना मग?" मी म्हटलं दहा मिनिटं थांबा, कारण काटा कुठे येतो यापेक्षा तो तिथे टिकतो का हे मला बघायचं असतं. पहिला हलला नाही. दुसरा आधी दहा, मग साडेदहा, इतका हळू की एकटक बघत बसलं तर कळतही नाही, नजर दुसरीकडे नेऊन परत बघितलं की पुढे गेलेला, आणि बाराच्या आसपास सेकंड स्टेजमधून बारीक फुस्स सुरू झालं.

त्याच्यासमोरच उघडला. आतल्या सीटवर, म्हणजे जी प्लॅस्टिकची छोटी चकती हवा अडवते तिच्यावर, भिंगाखाली धातूचा एक कण रुतलेला दिसला, जेमतेम केसाएवढा. बस, तेवढ्यामुळे सीट पूर्ण बसत नव्हती.

उघड्या समुद्रात हे झालं तर माणूस सरळ वर येऊ शकतो. गुहेत डोक्यावर दगड असतो, जेवढं आत गेलात तेवढंच गाइडलाइन (वाट दाखवणारी दोरी) धरून मागे यायचं, आणि हवेचे तीन भाग करायचे ते त्यासाठीच, एक जायला, एक यायला, एक राखीव, आणि तो राखीव भाग बडीचासुद्धा असतो हे लोक विसरतात. फ्री फ्लो झाला, म्हणजे हवा आपोआप वाहत सुटली, की 30 मीटरवर तो भाग बघता बघता संपतो. म्हणून तर दोन व्हॉल्व्ह, दोन वेगळे रेग्युलेटर, एक बिघडला की त्याचा व्हॉल्व्ह स्वतः बंद करायचा आणि दुसऱ्यावर श्वास घ्यायचा.

मग मी त्याला सूट आणि टँक चढवायला लावले आणि म्हटलं, आता मानेमागचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून दाखवा. उजवा झाला. डाव्यापर्यंत बोटंच पोचेनात. तेव्हा त्याचा चेहरा खरा उतरला. मला विचाराल तर हा सीटपेक्षा मोठा दोष होता, सीट बदलता येते पण न पोचणाऱ्या व्हॉल्व्हचा उपयोग काय? टँक थोडे वर घेतले, पट्टे नीट केले, चौथ्या प्रयत्नाला जमलं.

बॅकअप लाइटचा क्लिपही धातूच्या कडीने थेट अडकवलेला होता. तो काढून दोरीने बांधून दिला, म्हणजे अडकला तर सुरीने कापता येईल.

त्याने दुसऱ्या दिवशीचा डायव्ह रद्द केला. नवीन रेग्युलेटर परत पाठवला आणि स्वतःचा जुना घेऊन आला, बाहेरून ओरखडेच ओरखडे. मी नवीन सीट आणि ओ-रिंगा (हवा गळू न देणाऱ्या रबरी रिंगा) घातल्या, गेज लावून रात्रभर ठेवला, सकाळी काटा होता तिथेच. तरी मी त्याला सांगितलं की आधी उथळ, उघड्या पाण्यात दोन-तीन डायव्ह करा, व्हॉल्व्ह बंद-चालू करायचा सराव करा, मग गुहेचं बघू. तो लगेच हो म्हणाला, आणि जाताना स्वतःसाठी एक इंटरमीडिएट प्रेशरचं गेज मागून घेतलं.