पुत्रालाही ठाऊक नाही

रविवार, रात्री साडेअकरा

झोप येत नाही, म्हणून लिहितेय.

आज बायबल अभ्यासाला मार्कचा तेरावा अध्याय होता. बत्तिसाव्या वचनाशी कॉलेजातला एक मुलगा अडला. जगाच्या शेवटाच्या त्या दिवसाची आणि त्या घटकेची कोणालाच खबर नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला आहे, असं तिथे येशू स्वतःच्या तोंडाने सांगतो. मुलगा म्हणाला, "काकू, पुत्रालाच माहीत नाही, तर तो देव कसा?" खोडसाळपणा नव्हता त्यात. वचनावर बोट ठेवून विचारत होता.

आणि मी काय म्हणाले? "त्रैक्य हे रहस्य आहे बाळा, ते मानायचं असतं." त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव. एवढं म्हणून लगेच तेहतिसावं वचन वाचायला घेतलं. त्याने बोट उचललं. नंतर तासभर गप्प.

दर रविवारी मतांगीकार, म्हणजे आम्ही काय मानतो त्याची कबुली, म्हणते मी, पाठ आहे, मधूनच उठवलं तरी म्हणेन. तोच आज तोंड बंद करायला वापरला. घरी येऊन जुनी पुस्तकं काढली तेव्हा आणखी लाज वाटली. कारण हा प्रश्न त्या पोराचा एकट्याचा नाहीच. चौथ्या शतकातला धर्मगुरू अरियस, त्याच्या पक्षाचे लोक हेच वचन पुढे करायचे. पुत्र पित्याने निर्माण केलेला, तो नव्हता असाही काळ होता, असं अरियसचं म्हणणं. त्यावरून 325 साली सम्राट कॉन्स्टंटाइनने निकेयाला बिशपांची सभा बोलावली आणि पुत्र पित्याशी 'एकतत्त्व' आहे असं ठरलं. मूळ ग्रीक शब्द बायबलमध्ये कुठेच नाही, म्हणून अरियसचे नसलेलेही पुष्कळ जण कुरकुरले. अरियस हद्दपार झाला. मग वारं फिरलं आणि निकेयाची बाजू लढवणारा अथनेशियस पाचदा हद्दपार झाला. येशू कोण, यावरून येशूचीच माणसं एकमेकांना देशोधडीला लावत होती. हे मला आजही खुपतं.

पण अथनेशियसने त्या वचनाला बगल दिली नाही, माझ्यासारखी. त्याचं उत्तर असं, की शब्दाने, म्हणजे पुत्राने, माणसाचा देह घेतला, तर भूक, थकवा, रडणं यांच्यासोबत माणसाचं न कळणंही घेतलं. मला ते थोडं वकिली वाटतं, खरं सांगायचं तर. तरी उत्तर आहे. प्रश्न ऐकून घेतल्याशिवाय असं उत्तर सुचत नाही.

आणि मग 451 सालचं खल्कदोन, तिथली बिशपांची सभा. एकच ख्रिस्त, पूर्ण देव, पूर्ण माणूस. हे दोन्ही एकत्र कसं नांदतं? तिथे चार नकार आहेत फक्त: सरमिसळ न होता, पालट न होता, विभागणी न होता, फारकत न होता. कसं नाही एवढंच लिहिलंय. कसं आहे ते कुणी लिहिलेलंच नाही! इतकी वर्षं मी समजत होते की सिद्धांत म्हणजे सगळं माहीत असलेल्यांनी लिहिलेला कागद.

वादळात नावेच्या मागच्या बाजूला येशू झोपलाय, उशीवर डोकं ठेवून. उशी एकट्या मार्कने लिहिली आहे, मत्तय आणि लूक यांच्याकडे नाही. त्याचं माणूसपण देवपणात विरघळून गेलं असं मानायचं, तर त्या उशीचं करायचं काय? दमलेल्याला उशी लागते. खल्कदोनच्या त्या रुक्ष वाक्याने ती तशीच राहू दिली, असं आज पहिल्यांदा वाटलं.

साडेबारा वाजले. त्या मुलाला मेसेज लिहिला: "तुझ्या प्रश्नाला मी आज उत्तर दिलं नाही, नुसतं गप्प केलं. पुढच्या रविवारी बत्तिसाव्यापासूनच सुरू करू. उत्तर तेव्हाही असेलच असं नाही." शेवटचं वाक्य दोनदा खोडलं, पुन्हा लिहिलं. इतक्या रात्री नको म्हणून अजून पाठवलेला नाही.