१२० रुपयांचं ईएसआय आणि टाइम ऑफिसचा एक कागद

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छेच्या कारखान्यांत उमर घालवलेल्यांनी हे जरूर वाचा. निवृत्त झालं की ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) बंद, असं आमच्या मोल्डिंग खात्यात सगळेच धरून चालायचे. तसं नाही. निदान पाच वर्षं विमा असलेला कामगार वय झाल्यावर निवृत्त झाला, तर वर्षाचे १२० रुपये आगाऊ भरून नवरा-बायकोचं औषधपाणी चालू राहतं. मुलं त्यात नाहीत.

हे कळायच्या आधी बाकीचं धुंडाळून झालं होतं. सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड मला अजून लांब. रेशन कार्ड एपीएल (दारिद्र्यरेषेच्या वरचं), म्हणून कर्नाटक सरकारच्या ‘आरोग्य कर्नाटक’ योजनेत उपचाराच्या ठरलेल्या दराच्या ३० टक्केच, तेही कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत. बीपीएलवाल्यांना पाच लाख. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले योजना आणली, कर्नाटकानं हरकत घेतली, आणि आपण नेहमीसारखे मधल्यामध्ये. शिवाय ही कार्डं मुख्यतः ॲडमिट झाल्यावर कामाची. मला हव्यात बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या.

अडलं ते आमच्याच कारखान्यात. नाव लिहीत नाही, पण खात्यातले ओळखतील. ईएसआयच्या शेवटच्या महिन्याच्या भरण्यात माझं नाव कमी करायचं कारण म्हणून यांनी ‘नोकरी सोडली’ टाकलेलं. अधेमधे काम सोडून गेलेल्याला ही सवलत नाही. वय होऊन निवृत्त झाल्याचं मालकाचं पत्र लागतं. टाइम ऑफिसातला, म्हणजे हजेरीचं बघणारा पोरगा म्हणाला, “मामा, दोन्ही एकच की ओ.” म्हटलं, “एकच असतंय तर बदलून दे की.” मग साहेब पुण्याला गेलेत, मग शिक्का कपाटात आणि किल्ली दुसऱ्याकडं, मग ऑडिट चालू आहे. मिळालेल्या पहिल्या पत्रात विमा क्रमांकच नव्हता. दुसऱ्यात निवृत्तीची तारीख नव्हती. ज्या दारातून इतकी वर्षं डबा घेऊन आत गेलो, तिथंच वॉचमन मला रजिस्टरमध्ये ‘व्हिजिटर’ म्हणून सही करायला लावायचा. याचा राग अजून आहे.

शेवटी तोंडी बोलणं बंद केलं. लेखी अर्ज दिला, जोडीला नेमणूक पत्र आणि जन्मतारखेचा पुरावा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. पोच द्यायला कां कूं केली तेव्हा युनियनच्या माणसाला शेजारी बसवलं. पत्र आलं, बरोबर आलं.

पुढं फॉर्म, फोटो, पैसे. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

एक राहिलंच. कामावरच्या अपघातानं कायमचं अपंगत्व येऊन नोकरी सुटली असेल, तर त्यालाही महिना दहा रुपयांच्या हिशेबानं हीच सोय आहे, निवृत्तीचं वय होईपर्यंत. आणि घरात स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी, मतिमंद किंवा बहुविकलांग कुणी असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना बघा. एक लाखाचं संरक्षण, वयाची अट नाही, आधीची वैद्यकीय तपासणी नाही, थेरपीचाही खर्च मिळतो. पैसे आधी आपण भरायचे, मग बिलं लावायची, म्हणून प्रत्येक पावती जपा. नुसतं अंधत्व किंवा पायाचं अपंगत्व त्यात बसत नाही.

ज्यांची निवृत्ती जवळ आली आहे त्यांनी ते पत्र निरोप समारंभाच्या आधी हातात घ्या. नारळ आणि शाल नंतरही मिळते.