सिंगापुरात कंपनी काढायची आहे? नोंदणी सोपी, घोडं पेंड खातं ते दुसरीकडेच

सिंगापुरात खासगी मर्यादित कंपनीची नोंदणी, कागद नीट असतील तर, साधारण एका कामाच्या दिवसात होते. नावाच्या अर्जाचं सरकारी शुल्क 15 सिंगापूर डॉलर, नोंदणीचं 300. (पुढे सगळीकडे डॉलर म्हणजे सिंगापूर डॉलरच.) भागभांडवल किमान 1 डॉलर पुरतं. सगळे भाग (शेअर) परदेशी माणसाच्या नावावर असले तरी चालतात, स्थानिक भागीदार लागत नाही. जाहिरातींत हेच छापलेलं असतं आणि ते खरंही आहे. अडचण अशी की त्यात स्थानिक संचालक, बँक आणि करनिवास (कंपनी करासाठी कोणत्या देशाची मानली जाते) या तीन गोष्टी नसतात. परदेशी उद्योजकाचा खर्च आणि डोकेदुखी या तिन्हींतच असते.

नोंदणी करणारी संस्था म्हणजे अक्रा, आणि तिचं पोर्टल बिझफाइल. तिथे शिरायला सिंगपास, म्हणजे सिंगापूर सरकारची डिजिटल ओळख, लागते. परदेशात राहणाऱ्याकडे ती नसते, त्यामुळे नोंदणीकृत फायलिंग एजंटामार्फतच जावं लागतं. तो पासपोर्ट मागेल, राहत्या पत्त्याचा अलीकडचा पुरावा मागेल, आणि भागधारक ही दुसरी कंपनी असेल तर तिचं नोंदणीपत्र, संचालक मंडळाचा ठराव आणि खऱ्या मालकापर्यंत पोचणारा मालकीचा आराखडा मागेल. 25 टक्क्यांहून जास्त भाग किंवा मतं हाती असणाऱ्यांची नोंदवही कंपनीला ठेवावी लागते. तेव्हा मालकी कितीही थरांतून फिरवली, तरी शेवटच्या माणसाचं नाव द्यावंच लागतं.

नाव निवडताना आधीच्या कंपनीशी साधर्म्य टाळा. बँक, फायनान्स, लॉ, स्कूल असे शब्दही टाळलेले बरे. ते आले की अर्ज संबंधित खात्याकडे जातो आणि एका दिवसाचं काम 14 ते 60 दिवसांवर जातं. मंजूर नाव 120 दिवस राखून ठेवलेलं असतं.

व्यवसायाचा पाच अंकी संकेतांक देताना मात्र लोक फार हलगर्जीपणा करतात. एजंट सवयीने सल्लासेवा किंवा सर्वसाधारण घाऊक व्यापार असं काहीतरी टाकून देतो. अक्राला त्याचं काही वाटत नाही, पण पुढे बँकेतला माणूस तोच संकेतांक आणि तुमचं पहिलं बिल शेजारी ठेवून बघतो. सॉफ्टवेअर बनवणार असाल तर सॉफ्टवेअरचाच संकेतांक घ्या. दोन व्यवसाय नोंदवता येतात, पण दुसरा खरोखर करणार असाल तरच नोंदवा.

आता स्थानिक संचालक. कंपनी कायद्याच्या कलम 145 नुसार किमान एक संचालक सिंगापुरात नेहमी राहणारा हवा: नागरिक, कायम रहिवासी किंवा योग्य पासधारक (पास म्हणजे तिथे काम करण्याचा परवाना). तुम्ही स्वतः तिथे जाऊन राहणार असाल तरी सुरुवातीला पेच पडतोच. एम्प्लॉयमेंट पाससाठी अर्ज कंपनीने करायचा असतो, म्हणजे कंपनी आधी हवी. आणि कंपनीला स्थानिक संचालक आधी हवा. म्हणून बहुतेक जण पहिले काही महिने नॉमिनी संचालक, म्हणजे शुल्क घेऊन संचालक होणारा स्थानिक माणूस, घेतात आणि पास हातात आल्यावर त्याला मोकळं करतात.

नॉमिनी म्हणजे नुसता सहीपुरता माणूस, हा समज काढून टाका. कायद्यात कागदावरचा संचालक असा वेगळा वर्ग नाही, त्याच्यावर इतर संचालकांइतकीच जबाबदारी असते. म्हणूनच तो वार्षिक शुल्क घेतो, बहुधा अनामत मागतो, हानिरक्षणाच्या (त्याचं नुकसान झालं तर तुम्ही भरून द्यायचं, अशा) करारावर तुमची सही घेतो आणि हिशेब वेळेवर आले नाहीत की अस्वस्थ होतो. 9 जून 2025 पासून नवा कायदा लागू आहे. त्यानुसार व्यवसाय म्हणून नॉमिनी संचालक होणाऱ्याची नेमणूक नोंदणीकृत कॉर्पोरेट सेवा पुरवठादारामार्फतच व्हावी लागते, आणि तो माणूस त्या कामाला योग्य आहे का हे त्या पुरवठादाराने तपासायचं असतं. ओळखीतल्या कुणाला थोडे पैसे देऊन संचालक करण्याचे दिवस संपले. स्थानिक संचालकाशिवाय कंपनी सहा महिन्यांहून अधिक काळ धंदा करत राहिली, तर ते माहीत असलेला भागधारक त्यानंतरच्या कर्जांना वैयक्तिकरीत्या जबाबदार धरला जाऊ शकतो. मर्यादित जबाबदारीसाठी कंपनी काढणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावं.

पासचं गणितही आधीच मांडून बघा. 1 जानेवारी 2025 पासून नव्या अर्जांसाठी किमान मासिक पगार 5,600 डॉलर, वित्तक्षेत्रात 6,200, आणि वयाबरोबर हा आकडा वाढत जातो. शिवाय कंपास या गुणपद्धतीत 40 गुण हवेत. 25 पेक्षा कमी व्यावसायिक कर्मचारी असलेल्या कंपनीला कर्मचाऱ्यांतली विविधता आणि स्थानिक रोजगार या दोन निकषांवर आपोआप 10-10 गुण मिळतात. उरलेले 20 मुख्यतः पगार आणि पदवी यांतून काढायचे. एका डॉलरच्या भांडवलावर उभी असलेली कंपनी दरमहा एवढा पगार कुठून देणार, हा प्रश्न अर्ज तपासणाऱ्यालाही पडतो. भांडवल निदान काही महिन्यांचा पगार आणि भाडं निघेल इतकं ठेवावं. ते नंतरही वाढवता येतं, पण बँक आणि पास या दोन्ही ठिकाणी पहिली छाप त्याच आकड्याची पडते.

कंपनी सचिव सहा महिन्यांच्या आत नेमायचा. तो सिंगापुरात राहणारी व्यक्तीच हवी, आणि एकमेव संचालक स्वतः सचिव होऊ शकत नाही. नोंदणीकृत कार्यालयाला खरा पत्ता लागतो, टपालपेटी चालत नाही.

बँकेत खातं उघडणं हे नोंदणीपेक्षा कितीतरी लांबलचक काम आहे. डीबीएस, ओसीबीसी, यूओबी या तिन्ही मोठ्या बँका पैसा कुठून येणार, कुणाकडे जाणार आणि हे सगळं सिंगापुरातूनच का, असं विचारतात. कर कमी आहे म्हणून, हे उत्तर देऊ नका. एखादा करार, ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार, पुरवठादाराचं कोटेशन आणि पहिल्या वर्षाचा अंदाज एवढं जवळ ठेवा. ग्राहक सिंगापूरच्या आसपासचा असेल तर काम हलकं होतं. सगळे संचालक, ग्राहक आणि कर्मचारी बाहेरचे आणि सिंगापुरात फक्त एजंटाचा पत्ता, अशी फाइल बहुधा अडते किंवा फेटाळली जाते. मग लोक फिनटेक खात्याकडे, म्हणजे बँक नसलेल्या ऑनलाइन पेमेंट कंपनीच्या खात्याकडे, वळतात. व्यवहारापुरती ती सोय चांगली आहे, पण ते बँक खातं नव्हे आणि तिथल्या पैशाला बँक ठेवींसारखं विमा संरक्षण नसतं.

कराबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. दर 17 टक्के. नव्या कंपनीला पहिल्या तीन करनिर्धारण वर्षांत (हिशेबाचं वर्ष ज्या साली संपतं त्याच्या पुढचं साल) पहिल्या 1 लाख डॉलर नफ्यावर 75 टक्के आणि पुढच्या 1 लाखावर 50 टक्के सूट मिळते. म्हणजे 2 लाख नफ्यातले 1,25,000 सुटले, उरलेल्या 75,000 वर कर 12,750. मात्र अटी आहेत. कंपनी त्या वर्षी सिंगापूरची करनिवासी हवी. भागधारक 20 पेक्षा जास्त नकोत, आणि ते सगळे व्यक्ती हवेत किंवा निदान एका व्यक्तीकडे 10 टक्के भाग हवेत. सगळे भाग तुमच्या दुसऱ्या कंपनीच्या नावावर टाकले की ही सूट गेली. मग सगळ्यांना मिळणारी साधी सूट उरते, आणि तेवढ्याच नफ्यावर कर 16,575 होतो.

करनिवास ठरतो तो कंपनीचे मोठे निर्णय कुठे घेतले जातात यावर. नोंदणी तिथली असणं पुरेसं नाही. एकटा नॉमिनी तिथे आणि निर्णय घेणारे सगळे बाहेर, अशा कंपनीला सिंगापूरचं कर खातं करनिवासी मानायला कांकू करू शकतं. उलट तुम्ही जिथे बसून निर्णय घेता तो देश ही कंपनी आपलीच करनिवासी आहे म्हणू शकतो. अनिवासी संचालकाला संचालक म्हणून मानधन दिलं तर 24 टक्के कर आधी कापून भरायचा असतो, हेही अनेकांना उशिरा कळतं. सिंगापुरात लाभांशावर भागधारकाकडून वेगळा कर घेत नाहीत, तेव्हा पैसा कोणत्या वाटेने काढायचा हे सल्लागाराबरोबर आधीच ठरवावं.

वर्षअखेर कोणती ठेवायची, हा फुकटातला पण महत्त्वाचा निर्णय. समजा कंपनी 10 ऑक्टोबर 2025 ला स्थापन झाली आणि सवयीने 31 डिसेंबर 2025 ही वर्षअखेर दिली. पहिलं करनिर्धारण वर्ष 2026 झालं, आणि जेमतेम तीन महिन्यांच्या, बहुधा तोट्याच्या काळात सवलतीच्या तीन वर्षांपैकी एक संपलं. तीच 30 सप्टेंबर 2026 ठेवली तर जवळपास पूर्ण वर्ष मिळतं. पण पहिलं वर्ष 12 महिन्यांपलीकडे ताणू नका, नाहीतर तो काळ दोन करनिर्धारण वर्षांत विभागला जातो.

या उदाहरणात पुढच्या तारखा अशा: कर खात्याला अंदाजित उत्पन्न 31 डिसेंबर 2026 पर्यंत, सर्वसाधारण सभा 31 मार्च 2027 पर्यंत, अक्राकडे वार्षिक विवरण 30 एप्रिलपर्यंत, आयकर विवरण 30 नोव्हेंबर 2027 पर्यंत. वार्षिक विवरण चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत 300 डॉलर, त्यानंतर 600. विक्री 1 कोटी डॉलरपर्यंत, मालमत्ता तेवढीच, कर्मचारी 50 पर्यंत, या तिन्हींपैकी दोन निकष पाळले तर लेखापरीक्षण लागत नाही, पण एखाद्या समूहाचा भाग असाल तर संपूर्ण समूहाने ते पाळावे लागतात. जीएसटी 9 टक्के आहे आणि करपात्र उलाढाल वर्षाला 10 लाख डॉलर ओलांडली की नोंदणी सक्तीची.

धंदा जमला नाही तर कंपनी तशीच सोडून देऊ नका. व्यवहार थांबले तरी वार्षिक विवरणाची जबाबदारी संपत नाही, आणि नॉमिनी व सचिवांची बिलं येतच राहतात. कराची देणी चुकती करून, बँक खातं बंद करून अक्राकडे नाव काढण्याचा अर्ज करावा. त्याला शुल्क नाही, पण राजपत्रातली सूचना आणि हरकतींची मुदत धरून काही महिने जातात. तोवर स्थानिक संचालक टिकवून ठेवावा लागतो, म्हणून त्याचं पुढचं वार्षिक बिल येण्याच्या बरंच आधी अर्ज टाकलेला बरा.