पी ०१३५ आणि बावीसचा रिंग पाना

गाडी बीएस-४ पेट्रोल, चार सिलिंडर. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलेला, ॲव्हरेज जरा उतरलेलं, बाकी चालायला ठीक. स्कॅनर लावला तर कोड आला पी ०१३५, म्हणजे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) तापवणारं हीटर सर्किट. इथे लोक थेट सेन्सर मागवतात आणि बऱ्याचदा पैसे वाया घालवतात. सर्किटमध्ये फ्यूज येतो, वायर येते, कनेक्टरच्या पिना येतात. हीटर हा त्यातला एक भाग.

आधी सेन्सर कुठला ते ठरवायचं. ‘बँक १’ म्हणजे एक नंबरचा सिलिंडर ज्या बाजूला ती बाजू. एका रांगेतल्या चार सिलिंडरला एक्झॉस्टची बहुधा एकच बाजू असते, त्यामुळे तिथे हा गोंधळ नाही. व्ही-६ असेल तर एक नंबरचा सिलिंडर कुठे ते मॅन्युअलमध्ये बघावंच लागतं, अंदाज चालत नाही. ‘सेन्सर १’ कॅटच्या (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आधीचा, ‘सेन्सर २’ कॅटच्या नंतरचा. माझ्यासमोरच्या गाडीत पहिला सेन्सर मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर गोळा करणारा पाइप), हीट शिल्डच्या पत्र्याआड होता. दुसरा गाडीखाली शिरल्यावर दिसला. मॅनिफोल्डलाच कॅट चिकटवलेल्या गाड्यांत दोन्ही वरूनच दिसतात आणि तिथे भलताच सेन्सर खोलला जातो. धूर इंजिनकडून ज्या क्रमाने जातो त्या क्रमाने बोट फिरवलं की चूक होत नाही. दोघांच्या वायरची लांबी आणि कनेक्टर वेगळे असू शकतात, म्हणून पार्ट नंबर बघूनच मागवायचा.

मग मीटर. इंजिन गार असताना कनेक्टर सोडवला. सेन्सरच्या चार वायरींत एकाच रंगाच्या दोन असतात त्या हीटरच्या. बॉशच्या सेन्सरला त्या सहसा पांढऱ्या, काळी सिग्नलची. डेन्सोच्या बऱ्याच सेन्सरना मात्र काळ्या दोन हीटरच्या आणि निळी सिग्नलची. म्हणून नुसत्या ‘काळ्या वायरी’वर जाऊ नये, जोडी बघावी. चांगल्या हीटरचा रेझिस्टन्स काही ओहमपासून पंधराएक ओहमपर्यंत मिळतो. इथे मीटर अनंत दाखवत होता, म्हणजे आतली तार तुटलेली. तरी गाडीच्या बाजूच्या कनेक्टरला इंजिन चालू ठेवून बॅटरीचा दाब येतो का ते पाहिलं. तो येत नसता तर नवा सेन्सर बसवूनही दिवा तसाच राहिला असता. हीटरची दुसरी बाजू ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, अर्थिंगला जोडतो, त्यामुळे तिथे सरळ अर्थिंग मिळेलच असं नाही.

हीटर गेल्यावर ॲव्हरेज का पडतं? झिर्कोनियाचा सेन्सर साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट बोलत नाही. हीटर ते काम मिनिटाच्या आत उरकतो. तो नसला की एक्झॉस्टच्या उष्णतेची वाट बघावी लागते, तोवर ईसीयू ठरावीक तक्त्यावर पेट्रोल सोडत राहतो. दोन-तीन किलोमीटरच्या शहरी फेऱ्यांत निम्मा प्रवास असाच संपतो.

मागचा सेन्सर ‘जोडीने बदलून टाका’ हा सल्ला मी मानत नाही. गरम इंजिनवर स्कॅनरमधला लाइव्ह डेटा बघायचा. पुढचा सेन्सर चांगला असेल तर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली होतो. मागचा साधारण ०.६ ते ०.७ वर संथ असावा. तोही पुढच्यासारखा नाचायला लागला तर संशय कॅटवर घ्यायचा, सेन्सरवर नंतर. इथे मागचा संथ होता, त्याला हात लावला नाही. (हे आकडे साध्या सेन्सरचे. हवा-इंधनाचं नेमकं प्रमाण मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरला लागू नाहीत, आणि एकाच्या जागी दुसरा बसवता येत नाही.) पुढचा सतत लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) दाखवत असेल तर त्याच्या इंजिनकडच्या बाजूला एक्झॉस्ट गॅस्केट फुटलंय का बघा, तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर बिचारा खरंच सांगत असतो.

खरा घाम काढण्यात. आटे १८ मिलिमीटरचे, दीडच्या पिचचे, षटकोन २२ चा. कोकणपट्टीतल्या खाऱ्या हवेत किंवा पावसाचं पाणी खाल्लेल्या गाडीत तो घट्ट धरलेला असणारच. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला. सकाळी पाच-सात मिनिटं इंजिन चालवलं, बंद केलं, जाड हातमोजे घालून हात जवळ नेता येईल इतपत गार होऊ दिलं. कोमट धातू सुटतो. लालभडक गरम असताना आटे ओरबाडले जातात. बाजूला खाच असलेला सेन्सर सॉकेट मिळतो, पण जोर लावला की तो फाकतो आणि षटकोनाचे कोपरे खातो. म्हणून नवा सेन्सर हातात आल्यावर, कनेक्टर जुळतोय याची खात्री करून, जुन्याची वायर कापली आणि २२ चा बंद रिंग पाना घातला. युनिव्हर्सल (कनेक्टरशिवाय येणारा) सेन्सर घेतला असेल तर मात्र वायर कापू नका, जुना कनेक्टर त्यालाच लागतो. पाव फेरा सैल, थोडा उलटा, स्प्रे, पुन्हा सैल. किंचाळत एकाच दिशेने ओढला तर आटे सोबत येतात. तसं झालंच तर १८ बाय दीडचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) ग्रीस लावून फिरवायचा, म्हणजे किस ग्रीसमध्ये अडकतो, कॅटमध्ये पडत नाही.

बसवणं सोपं. नव्या सेन्सरच्या आट्यांना ते पुढे धरू नयेत म्हणून बहुधा पेस्ट लावलेलीच येते. नसेल तर फक्त आट्यांना लावायची, टोकाला लागता कामा नये. आधी बोटांनी फिरवला, मग टॉर्क रेंचने ४० न्यूटन-मीटर. डब्यावर दुसरा आकडा असेल तर तो पाळायचा. वायर जुन्याच क्लिपांत, पाइपला न टेकवता. युनिव्हर्सल असेल तर जोड क्रिम्पने (दाबून) करावा, सोल्डरने झाळू नये, कारण बऱ्याच सेन्सरना आतली संदर्भ हवा वायरीतूनच मिळते.

कोड पुसून गार इंजिनवर सुरू केली. लाँग टर्म फ्यूएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधनात कायमची करत असलेली दुरुस्ती, उणे-अधिक १० टक्क्यांत असावा. २० टक्के इथेनॉलवर तो अधिककडे झुकलेला दिसतो: एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला १३.५ च्या आसपास, म्हणून ईसीयू इंधन वाढवतो. तेवढ्यासाठी सेन्सरला दोष देऊ नये. सीएनजी किट असेल तर फिटरने सेन्सरच्या वायरीत घातलेला जोड आधी तपासा.

काढलेल्या सेन्सरचं टोक फेकण्याआधी बघावं. सुकी काजळी म्हणजे मिश्रण जास्त श्रीमंत (पेट्रोल जास्त). पांढरट, खडूसारखा थर म्हणजे सिलिकॉन सीलंट किंवा कूलंट आत जातंय, आणि तसं असेल तर नवा सेन्सरही मरेल. हा करडा, स्वच्छ होता.